घोस्टरनरमध्ये पळायला लई भारी वाटतंय पण प्रत्येक खोलीत अडकतोय, खेळत राहू की दुसरा गेम घेऊ?

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी या बाजूचं कोण फर्स्ट पर्सन, म्हणजे पात्राच्या डोळ्यातनं दिसणारे, पळापळीचे गेम खेळणारं असेल तर जरा मनापासून उत्तर द्या, कारण माझ्या ओळखीत सगळे मोबाईलवर बॅटल रॉयल खेळणारे नाहीतर क्रिकेटवाले, असल्या गेमबद्दल बोलायला कोणच नाही.

सेलमध्ये घोस्टरनर घेतला. २०२० चा गेम, पोलंडच्या वन मोअर लेव्हल स्टुडिओचा. धर्मा टॉवर नावाचा एक भला मोठा मनोरा हाय, जग संपल्यावर उरलेली माणसं त्यात राहतात, आणि आपण तलवार घेऊन खालनं वर चढत जायचं. पळायचा भाग मला इतका आवडलाय की काय सांगू. भिंतीवरनं धावत यायचं, मधेच उडी, हुकनं लटकून पलीकडं, खाली घसरत जाऊन परत भिंत, हे सगळं एका दमात जमलं की अंगावर काटा येतो. शिफ्ट संपवून रात्री साडेअकराला घरी येतो, जेवतो, आणि तासभर हे खेळलं की डोकं एकदम मोकळं होतं.

पण मारामारीची खोली आली की सगळं थांबतंय. एका गोळीत आपण मरतो, एका वारात ते मरतात, हा नियम मला मान्य हाय, पण चार पाच जण असलेल्या खोलीत दोघांना मारलं की तिसरा कुठनं तरी गोळी घालतोच. आर दाबला की लगेच परत उभा, लोडिंग वगैरे काय नाही, त्यामुळं मेल्याचा राग येत नाही हे खरं, पण एकाच खोलीत अर्धा तास गेला की बोटं ताठ होतात आणि मग जे जमत होतं तेपण जमंना होतं. आता ज्या खोलीत हाय तिथं खाली दोन पिस्तूलवाले, समोर एक ढालवाला, आणि वर डावीकडं लोखंडी कट्ट्यावर एक जण भराभर गोळ्या सोडणारा.

माझं वय ३४ हाय. लोक म्हणतात असले गेम विशीतल्या पोरांचे, रिफ्लेक्स लागतात. खरं हाय काय हे? का माझ्या लॅपटॉपचा प्रॉब्लेम असेल, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५० हाय, गेम तसा चालतो पण मारामारीत मधेच अडखळल्यासारखा वाटतो. आणि अजून एक, बायको शेजारी बसून बघत होती तर पाच मिनिटात तिला मळमळायला लागलं, मला पण कधी कधी डोकं जड होतं, त्यावर काय उपाय असेल तर सांगा. आणि पळणं जास्त, मारामारी कमी असा कुठला गेम असेल तर तोही सांगा.

---

शहापूरचा_पोरगा

दादा सोडू नकोस. मी हा गेम दोनदा संपवलाय आणि अवघड असा हार्डकोर मोडपण खेळलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रिफ्लेक्सचं जे लोक सांगतात ते अर्धंच खरं. या गेममध्ये बोटांपेक्षा डोळ्याचं काम जास्त. खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा मारायला जाऊच नकोस. एकदा फक्त फिरून ये, मरशील, मरू दे, पण बघ की भिंती कुठल्या पळण्यासारख्या हायत, हुक अडकवायच्या जागा कुठं हायत, वर जायचा रस्ता कुठनं हाय. बनवणाऱ्यांनी प्रत्येक खोलीत दोन तीन रस्ते ठेवलेले असतात आणि ते दिसायला लागले की मारामारी हा वेगळा भाग राहतच नाही, तोपण पळण्याचाच भाग होतो. शाळेत खो-खो खेळला असशील तर पटकन कळेल तुला, पळणारा पोरगा आपल्या पायाकडं बघत नाही, पाटीवर कोण कुठल्या बाजूला तोंड करून बसलंय आणि पुढचा खांब किती लांब हाय ते बघून पळतो. इथंपण तसंच, कोण कुठं बघतोय त्यावर तुझा रस्ता ठरतो.

आता तुझ्या खोलीचं सांगतो. तो वर डावीकडं कट्ट्यावरचा हाय ना, तो पहिला. लोक काय करतात, समोर जवळ जो दिसतो त्याला मारतात, कारण तो जवळ हाय. पण जवळचा पिस्तूलवाला एक गोळी सोडतो, मग थांबतो, मग परत सोडतो, आणि ती गोळी डोळ्याला दिसते, हवेत चुकवता येते. भराभर सोडणारा तसा नाही, तो अख्खी जागा बंद करून टाकतो. म्हणून तुझे सगळ्यात जास्त रस्ते कोण अडवतोय ते बघ आणि त्याला आधी संपव. वर जायला भिंत असेलच, नाहीतर हुक. तो गेला की खालचे दोघं वरनंच मिळतात. ढालवाला शेवटी ठेव, समोरनं वार केलास तर ढाल अडवते, उडी मारून त्याच्या मागं उतरायचं आणि मग तलवार.

दुसरं, सेन्सरी बूस्ट नीट वापरायलास काय? हवेत असताना डॅशचं, म्हणजे झेपेचं, बटण दाबून धरलं की वेळ हळू होतो, त्या वेळात डावीकडं उजवीकडं सरकता येतं, बटण सोडलं की समोर झेप. नव्यानं खेळणारे बहुतेक जण डॅश नुसता टपकन दाबतात आणि सरळ गोळीच्या तोंडात जातात. बटण धरायचं, गोळी बघायची, बाजूला सरकायचं, मग सोडायचं. हे हाताला एकदा बसलं की तुला स्वतःलाच फरक कळेल. आणि जमिनीवर सरळ रेषेत पळत जाऊ नकोस कुणाच्या अंगावर. जमिनीवर असशील तर घसरत जा, नाहीतर हवेत रहा.

तिसरं म्हणजे अपग्रेडचा बोर्ड. ठोकळे बसवायचे असतात तिथं, वेगवेगळ्या आकाराचे, मावतील तेवढे. पुष्कळ जण तो एकदा भरतात आणि परत उघडत नाहीत. खोली बघून बदलायचा तो. शत्रू कुठं हायत ते भिंतीपलीकडनं दाखवणारा ठोकळा अडकलेल्या खोलीत लई कामाला येतो.

वयाचं म्हणशील तर माझे मामा ४५ चे हायत, कॅम्पात दुकान हाय त्यांचं, त्यांनी टॉम नावाच्या बॉसचा टॉवर माझ्या आधी पार केला. तिथं तर मारायला माणसंच नाहीत, नुसते फिरणारे लेझर आणि तुझी उडी. ताल धरून बसायचे ते, घाईच करायचे नाहीत.

---

खानापूर_कनेक्शन

वरच्या सगळ्याला माझं अनुमोदन. आणि दुसरा गेम हवा असेल तर डोळे झाकून निऑन व्हाइट घे.

आमच्याकडं पावसाळ्यात लाईटचा काय भरवसा नाही, जांबोटी बाजूला तर जून ते सप्टेंबर विचारूच नका, मोठी लेव्हल अर्ध्यात गेली की जीव जातो. निऑन व्हाइटमध्ये एक एक लेव्हल मिनिटभराची नाहीतर त्याहून कमी, लाईट गेली तरी काय बिघडत नाही. बाकी उद्या लिहितो, आत्ता चार्जिंग संपालंय.

---

निपाणी_रनर

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका.

मी हे गेम २००८ च्या मिरर्स एजपासून खेळते आहे (पीसीवर तो २००९ च्या जानेवारीत आला), आणि माझ्या मते पात्राच्या नजरेतनं पळण्याचा खरा आनंद अजूनही त्यातच आहे. स्वीडनच्या डाइस स्टुडिओनं केलेला. फेथ नावाची मुलगी गच्च्यांवरनं निरोप पोचवते, एवढंच. सगळं शहर पांढरंशुभ्र, आणि जिथं जायचं ती पाइप, तो दरवाजा, ती फळी लाल होत जाते. खाली बघितलं तर स्वतःचे पाय दिसतात, उडी मारताना हात पुढं येतात, जास्त पळालं की श्वासाचा आवाज बदलतो. उंचावरनं पडताना जमिनीला टेकायच्या जरा आधी बसायचं बटण दाबलं की ती कोलांटी मारून उठते आणि वेग तुटत नाही. नाही दाबलं तर धप्पकन बसते आणि परत पहिल्यापासून वेग घ्यावा लागतो. त्या एका कोलांटीत अख्खा गेम आहे असं मला वाटतं. तुमचं शरीर आहे, त्याला वजन आहे, हे तो गेम कधीच विसरू देत नाही.

घोस्टरनर मी खेळले, संपवला नाही. त्यात वेग आहे पण वजन नाही. आणि खरं सांगू का, दर दोन मिनिटांनी खोली बंद करून "आधी एवढ्यांना मारा मग पुढं जा" हे मला पटत नाही. पळता पळता थांबवायचं म्हणजे कीर्तन रंगात आलं की मधेच माईक बंद करण्यासारखं आहे. त्यातनं गोष्ट सगळी कानात कोण तरी बोलत असतं त्यातनं कळते, आणि आपण तेव्हाच जीव मुठीत धरून उड्या मारत असतो, मग काय डोक्यात जाणार? मला तर शेवटपर्यंत तो कानात बोलणारा आर्किटेक्ट काय म्हणत होता ते नीट लागलं नाही.

मिरर्स एजमध्येही मारामारी आहे आणि तीच त्याची सगळ्यात कमजोर बाजू आहे, हे मान्य. पण बहुतेक ठिकाणी पोलिसांना टाळून पळता येतं, कुणावर गोळी न झाडता पूर्ण गेम संपवता येतो. आणि कथा झाली की टाइम ट्रायल आहेत, तिथं माणूसच नाही, फक्त तुम्ही आणि घड्याळ. पळणं जास्त मारामारी कमी असं विचारलंत ना, मग हाच. याच मालिकेतला २०१६ चा कॅटॅलिस्टपण आहे, त्यात पूर्ण शहर मोकळं आहे, पण मला पहिल्याचे आखीव रस्ते जास्त आवडतात, कारण तिथं प्रत्येक उडी कुणी तरी विचार करून ठेवलेली आहे.

आता मळमळीचं, कारण हा प्रश्न कुणी गांभीर्यानं घेत नाही आणि मी स्वतः त्यातनं गेले आहे. चोर्ला घाटात गाडी लागते तेव्हा शरीराला कळत असतं की आपण हलतोय पण नजर गाडीच्या आत अडकलेली असते. गेममध्ये उलटं होतं, डोळ्याला वाटतं आपण जोरात पळतोय आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो की नाही बाबा, खुर्चीतच बसलोय. या दोघांचं जमलं नाही की मळमळ. म्हणून ज्याच्या हातात माऊस नाही त्याला जास्त त्रास होतो, खेळणाऱ्याला पुढचं वळण आधीच माहीत असतं, बघणाऱ्याला नाही. वहिनींना झालं ते अगदी साहजिक आहे.

उपाय सांगते. सेटिंगमध्ये जाऊन फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे एका वेळी किती रुंद दिसतं ते, वाढवा, घोस्टरनरमध्ये तो सरकवता येतो, ९० च्या पुढं नेऊन बघा, कुणाला १०० बरा वाटतो कुणाला ११०. मोशन ब्लर, म्हणजे हलताना चित्र पुसट होतं ते, एकदम बंद. खोलीत दिवा लावून खेळा, अंधारात स्क्रीन सोडून दुसरं काय दिसत नाही आणि त्रास वाढतो. स्क्रीनपासून जरा लांब बसा. आणि मिरर्स एज घेतलात तर स्क्रीनच्या मधोमध एक बारीक ठिपका असतो तो बंद करू नका, तो बंदुकीसाठी नाही, डोळ्याला टेकायला एक जागा मिळावी आणि मळमळ कमी व्हावी म्हणूनच बनवणाऱ्यांनी ठेवलाय. डोकं जड व्हायला लागलं की त्याच क्षणी बंद करा, "ही खोली संपवून उठतो" करू नका, एकदा सुरू झालेली मळमळ खेळत राहून जात नाही.

---

संकेश्वर_६०एफपीएस

लॅपटॉपचं मी बघतो.

१६५० वर घोस्टरनर नीट चालायला पाहिजे, पण "चालतो" आणि "एकसारखा चालतो" यात लई फरक असतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद स्क्रीनवर राहतं, ३० झाले की ३३. आता मारामारीत मधेच ६० वरनं ३५ ला आलं तर तुझं बटण दाबणं आणि स्क्रीनवर दिसणं यात एकदम अंतर पडतं, आणि एका गोळीत मरायच्या गेममध्ये तेवढं पुरतं. सरासरी काय येते ते बघू नकोस, सगळ्यात खाली किती जातंय ते बघ.

पहिल्यांदा हे कर: चार्जर लावूनच खेळ, बॅटरीवर लॅपटॉप स्वतःच कार्डाचा जोर कमी करतो. विंडोजमध्ये पॉवर हाय परफॉर्मन्सला. सावल्या आणि इफेक्ट मीडियमला आण, त्या टॉवरमध्ये निऑन दिवे आणि धूर एवढा हाय की हाय आणि मीडियममधला फरक पळताना दिसतच नाही. तरीपण खाली जात असेल तर रिझोल्यूशन एक पायरी कमी कर. व्ही-सिंक (चित्र स्क्रीनच्या तालाशी जुळवणारा पर्याय) बंद करून बघ, चित्र थोडं फाटल्यासारखं दिसेल पण हाताला हलकं वाटेल, तुला कुठलं बरं वाटतंय ते तूच ठरव.

दुसरं म्हणजे उष्णता. सुरुवातीची दहा मिनिटं झकास आणि मग अडखळतंय असं असेल तर लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करायलाय. मागनं थोडा उचलून ठेव, खाली हवा जाऊ दे, आणि पंखा साफ करून घे, तू उद्यमबागला काम करतोस म्हणतोस, फाउंड्रीच्या बाजूला असशील तर बॅगेतनं नेलेल्या लॅपटॉपात काय धूळ बसते ते मी बघितलंय. खडे बाजारात नाहीतर रामदेव गल्लीत कोण ओळखीचा रिपेअरवाला असेल त्याच्याकडनं उघडून थर्मल पेस्ट बदलून घे.

अजून एक, कीबोर्ड. लॅपटॉपच्या कीबोर्डवर तीन चार बटणं एकदम दाबली की कधी कधी एक लागतच नाही. या गेममध्ये पुढं, बाजूला, उडी आणि डॅश हे सगळं एकदम दाबावं लागतं. नोटपॅड उघडून तीच बटणं एकत्र दाबून बघ, काय उमटंना झालं तर प्रॉब्लेम तिथं हाय, तुझ्या बोटात नाही. साधा बाहेरचा कीबोर्ड लाव.

---

शहापूरचा_पोरगा

@निपाणी_रनर ताई, तुमचा मान राखून सांगतो, "वजन नाही" हे बरोबर हाय पण ती त्याची उणीव नाही. मिरर्स एज माणसाचं शरीर दाखवतो, घोस्टरनरमध्ये आपण ज्याला खेळवतो तो जॅक माणूस नाहीच, तो बनवलेला योद्धा हाय. तिथं कोलांटीचं वजन घातलं असतं तर हवेतल्या हवेत तीन दिशा बदलता आल्या नसत्या. दोन्ही वेगळ्या चवी हायत.

आणि खोली बंद करण्याचं म्हणाल तर, मला उलट वाटतं. नुसतं पळणं असतं तर एकदा पाठ झालं की संपलं. खोलीत शत्रू असले की तीच भिंत, तोच हुक, पण क्रम मी ठरवतो. माझा क्रम आणि मामांचा क्रम वेगळा, दोघांची खोली संपते. तुम्ही ज्याला थांबणं म्हणता तिथंच मला सगळ्यात जास्त पळायला मिळतं.

गोष्टीचं मात्र तुमचं एकशे एक टक्का पटलं. कानात बोलणं आणि त्याच वेळी मरणं, आणि मेलं की परत पहिल्यापासून, याच्यात कथा वाया गेली. एवढा चांगला मनोरा उभा केला, खालच्या थरात माणसं कशी जगतात, वर कोण बसलंय, हे सगळं दाखवायला पाहिजे होतं, सांगायला नाही.

---

निपाणी_रनर

"क्रम मी ठरवतो" हे पटलं, या नजरेनं मी बघितलं नव्हतं. पण मग मला अशी एक तरी खोली दाखवा जिथं कुणालाच न मारता, नुसतं चुकवत पार जाता येतं. तो रस्ता त्यांनी ठेवलाच नाही. दार उघडत नाही. क्रम तुमचा, पण मारायचं की नाही हे तुमच्या हातात नाही. माझा मुद्दा तेवढाच आहे आणि तो मी सोडणार नाही.

---

चिक्कोडी_स्पीडरन

मला वाटतं तुम्ही दोघं जे मागताय त्याचं मधलं उत्तर टायटनफॉल २ च्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे एकट्यानं खेळायच्या कथेत, हाय आणि त्याचं नाव अजून कोण घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आला, रिस्पॉन स्टुडिओचा. बॅटलफील्ड १ च्या आठवडाभर नंतर आणि कॉल ऑफ ड्यूटीच्या आठवडाभर आधी, त्या दोघांच्या मधे सापडला आणि तेव्हा पाहिजे तेवढा खपला नाही. लोकांना वाटतं रोबोवाला गेम हाय. हायच, पण रोबोतनं उतरल्यावर जे पळणं हाय ना, त्याला तोड नाही. भिंतीवर धावून उडी मारली की वेग वाढतो, खाली टेकताना घसरलं की तो वेग राहतो, परत उडी, परत घसर, वेग साठवत साठवत जायचं. थांबला की गेला. एक लेव्हल हाय त्यात आख्खीच्या आख्खी घरं बनवणारा कारखाना हाय, भिंती सरकत येतात, वळतात, एकमेकाला जोडल्या जातात आणि आपण त्याच सरकत्या भिंतींवरनं पळत जायचं. मी साखर कारखान्याच्या गावात वाढलेला माणूस, एवढा मोठा पट्टा आणि यंत्र चालू असताना त्याच्या पोटातनं पळायचं हे बघूनच मी वेडा झालो. आणि त्याच्या पुढं एक लेव्हल हाय, इफेक्ट अँड कॉज, मनगटावरच्या यंत्राचं बटण दाबलं की तीच इमारत जुन्या काळातली, परत दाबलं की आत्ताची मोडकी. हवेत असताना बटण दाबून नसलेली भिंत आणायची आणि तिच्यावर पळायचं. त्या एका लेव्हलसाठी गेम घ्यावा.

सुरुवातीलाच सरावाचा एक छोटा कोर्स असतो, घड्याळ लावलेला. उद्यमबागवाल्या भावा, तो परत परत पळ, कथा सुरू करायची घाई करू नकोस. तिथं हात बसला की पुढं सगळं सोपं.

निशाणा लागायची चिंता करू नकोस, साध्या पातळीवर शत्रू दयाळू हायत, एका गोळीत मरत नाहीस.

---

खानापूर_कनेक्शन

परत आलो, लाईट आली.

निऑन व्हाइटचं राहिलं होतं. २०२२ चा, अन्नपूर्णा इंटरॅक्टिव्हनं काढलेला. हातात बंदुकीऐवजी पत्ते असतात. पत्ता वापरला की गोळी, टाकून दिला की चाल. पिवळा टाकला की हवेत अजून एक उडी, निळा टाकला की सरळ झेप, हिरवा टाकला की धाडकन खाली. आता गंमत बघा, शत्रूला मारायला गोळी पाहिजे आणि पुढची दरी ओलांडायला तोच पत्ता टाकायला पाहिजे. कुठं काय खर्चायचं हे सगळं पळता पळता. ताई, तुम्ही म्हणता मारामारी मधे येते, इथं ती मधे येतच नाही, शत्रू म्हणजे रस्त्यावरचे दगड, त्यांच्यावरनंच जायचं.

वेळेप्रमाणं मेडल मिळतं, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, एस (एक्का). वेळ कमी केली की तुमच्या स्वतःच्या आधीच्या धावेचं भूत पुढं पळताना दिसतं, शॉर्टकट कुठं हाय त्याचा इशारा मिळतो. पहिल्यांदा बघितलेली लेव्हल आणि एस मिळाल्यावरची लेव्हल, तीच जागा पण रस्ता पूर्ण वेगळा. मधे मधे पात्रांच्या गप्पा लई लांबतात, मला त्या फार आवडल्या नाहीत, पण पुढं ढकलता येतात.

आणि आपल्या देशाचाही एक हाय, लवली प्लॅनेट, २०१४ चा, भारतीय माणसानं केलेला. दिसायला लहान पोरांच्या चित्रासारखा, गुलाबी निळा, मऊ मऊ डोंगर. खेळायला लागलं की कळतं किती कडक हाय ते. हवेत उडालेलं सफरचंद जमिनीला टेकायच्या आत उडवायचं, नाहीतर लेव्हल परत पहिल्यापासून. कुठल्याही लॅपटॉपवर चालतो. याच्याबद्दल मराठीत कोणच लिहीत नाही, त्यामुळं मुद्दाम सांगालोय.

---

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोण लिहील असं वाटलं नव्हतं.

काल रात्री बसलो. संकेश्वरवाल्या भावानं सांगितल्याप्रमाणं नोटपॅडमध्ये बटणं दाबून बघितली, पुढं, डावीकडं आणि स्पेस एकदम दाबून वर शिफ्ट धरला की स्पेस लागतच नव्हता. ऑफिसातला जुना पडलेला कीबोर्ड विचारून आणलाय, त्यावर लागतंय. सावल्या मीडियमला केल्या, फील्ड ऑफ व्ह्यू १०५, ब्लर बंद. डोकं जड झालं नाही.

आणि ती खोली झाली! शहापूरच्या भावानं सांगितलं तसं पहिली काही वेळा मारायला गेलोच नाही, नुसतं फिरलो. डावीकडच्या भिंतीवर एक जाहिरातीचा बोर्ड हाय, त्याच्यावरनं पळत गेलं की सरळ त्या कट्ट्याच्या वर निघतो. एवढे दिवस मी समोरच बघत होतो. वरच्याला आधी मारला, तिथनं खाली उडी, हवेत शिफ्ट धरून पहिल्या पिस्तूलवाल्याची गोळी डाव्या कानाजवळनं जाताना बघितली, खरंच दिसते ती, मग झेप. दुसरा लगेच. ढालवाल्याच्या डोक्यावरनं मागं. सगळं मिळून दहा सेकंद पण लागले नसतील. बायकोला उठवून दाखवावंसं वाटलं, एक वाजला होता म्हणून नाही उठवलं.

ताईंचं म्हणणंपण मला कळतंय. आता पुढच्या खोलीत गेलो तर वाटलं की दार उघडंच पाहिजे होतं, ज्याला नुसतं पळायचंय त्याला पळू द्यायला काय हरकत होती. पण सोडत नाही आता, संपवणारच.

एक विचारायचं राहिलं. बायकोला पण खेळायचंय म्हणते, तिला पळायचा भाग आवडलाय पण एका गोळीत मरायचं तिला नको. तिच्यासाठी घोस्टरनरमध्येच काय सोय हाय काय, का मिरर्स एजच घेऊ?

---

शहापूरचा_पोरगा

वा दादा! तो बोर्ड सापडला म्हणजे आता पुढच्या खोल्यांत आपोआप वर बघशील.

वहिनींसाठी सोय हाय. नंतरच्या अपडेटमध्ये असिस्ट मोड आलाय, सेटिंगमध्ये बघ. एक गोळी जास्त सोसता येते, खेळाचा वेग कमी करता येतो, विशेष ताकद लवकर भरते. तिन्ही वेगवेगळे चालू बंद होतात, पाहिजे तेवढंच घ्यायचं. वेग थोडा कमी करून सुरू करू दे, मळमळपण कमी होईल.

तू संपवलास की हेल नावाच्या योद्धीचा जोडभाग बघ, २०२२ ला आला, तिची उडी जॅकपेक्षा उंच हाय. दुसरा भाग २०२३ चा हाय, त्यात टॉवरच्या बाहेर पडून मोटारसायकलवर जायचं असतं, आणि वार अडवतापण येतो.

---

निपाणी_रनर

वहिनींना मिरर्स एजच द्या. असिस्ट मोड चांगला आहे पण तो मारामारी सोपी करतो, काढून टाकत नाही, आणि त्यांना तर पळायचंच आहे.

फक्त एक काळजी घ्या. तुमचं कार्ड एनव्हीडियाचं आहे तरी तो गेम जुना आहे, सेटिंगमध्ये फिजएक्स नावाचा, फुटणारी काच वगैरे खरी दाखवणारा पर्याय असतो तो बंद ठेवा. चालू असला की काच फुटते तिथं गेम एकदम रांगायला लागतो असा पुष्कळांचा अनुभव आहे. पहिला सराव झाला की कथेत जाऊ द्या, पण कोलांटी पक्की होईपर्यंत सरावातच थांबू द्या त्यांना. आणि माऊस त्यांच्याच हातात राहू दे, तुम्ही शेजारी बसून "इकडं वळ, तिकडं वळ" करू नका, रस्ता स्वतः सापडला तरच त्यात मजा आहे.

---

संकेश्वर_६०एफपीएस

आणि तो ऑफिसचा कीबोर्ड परत द्यायला लागणार असेल तर नवीन घेताना दुकानातच नोटपॅड उघडून तीच चार बटणं एकदम दाबून बघ. डब्यावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नकोस. गेम मात्र आत्ताच घेऊ नकोस, मिरर्स एज आणि टायटनफॉल २ दोन्ही सेलमध्ये लई स्वस्त येतात, विशलिस्टला टाकून ठेव.